जोडीनं उंबरा ओलांडताना

दुपारची कामं उरकली असतील, नसतील तर हात चालू ठेवा आणि कान इकडं द्या.

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीत मी एक प्रश्न विचारला. म्हटलं, काही काम नसताना, नुसतं फिरायला म्हणून, नवऱ्याबरोबर कोण कोण बाहेर गेलंय? सगळ्याजणी एकमेकींकडं बघून हसल्या. मग एकेक सांगायला लागली. कुणी दवाखान्यात गेलेली, कुणी बँकेत अंगठा द्यायला, कुणी मयतीला. फिरायला म्हणून एकही नाही. हसू तिथंच थांबलं. म्हणून आज ठरवलं, नवरा-बायकोनं जोडीनं बाहेर पडण्याचा इतिहास सांगायचा.

आता तुम्ही म्हणाल, आपण तर पिढ्यान् पिढ्या बाहेरच आहोत. खरं आहे. कष्टकरी बाई कधी घरात बसलीच नाही. रानात, खळ्यावर, बाजारात ती नवऱ्याच्या बरोबरीनं होती. आठवडी बाजार हीच आपल्याकडची जोडीची आठवड्याची फेरी. माझी आई अंडी आणि शेंगा घेऊन बाजाराला जायची. पण वडील दहा पावलं पुढं आणि ती डोक्यावर पाटी घेऊन मागं. बाजारात तो चहाच्या टपरीवर, ही मालापाशी. रस्ता एकच, पण सोबत नव्हती.

देवाच्या निमित्तानं मात्र जोडीला मान होता आणि आहे. लग्न झालं की जेजुरीला जायचं, नवऱ्यानं नवरीला उचलून निदान पाच पायऱ्या चढायच्या. आषाढीला पंढरपूरच्या शासकीय महापूजेत मुख्यमंत्री पत्नीसह बसतात, आणि त्यांच्या शेजारी रांगेतलं एक वारकरी जोडपं असतं. पण हा मान सगळ्यांच्या वाट्याला आला नाही. चोखोबा आणि सोयराबाई, दोघंही अभंग रचणारे. दोघांची विठ्ठलावर तेवढीच माया. पण त्यांच्या जातीला देवळात जायची बंदी होती. ते दार उघडायला 1947 साल उजाडलं, आणि त्यासाठी साने गुरुजींना उपोषण करावं लागलं. म्हणजे जोडी कुठवर जाऊ शकते, हे नुसतं नवरा-बायकोच्या मनावर नसतं. गावही त्यात असतं.

शहरातल्या वरच्या जातीच्या घरांत तर वेगळीच तऱ्हा होती. तिथं चारचौघांत नवऱ्याशी बोलणंसुद्धा निर्लज्जपणा समजत. त्या काळातल्या एका जोडप्याची गोष्ट सांगते. रमाबाई रानडे आपल्याच सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावच्या. 1862 चा जन्म. अकराव्या वर्षी लग्न झालं. नवरा महादेव गोविंद रानडे, न्यायाधीश, वय एकतीस. त्यांनी तिला लिहा-वाचायला शिकवायला घेतलं, तर घरातल्या मोठ्या बायकांनी अबोला धरला, टोमणे मारले. रमाबाईंनी सगळं सोसलं, पण पाटी सोडली नाही.

पुढं शेतकऱ्यांच्या कर्जाच्या कायद्याचं काम रानड्यांकडं आलं. त्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत फिरती असायची. रमाबाई बरोबर जायच्या. गाव आलं की ते कचेरीत, आणि या मुलींच्या शाळेत, गावातल्या बायकांत. नवऱ्याची नोकरी, पण बाईनं त्यातून स्वतःचं जग काढलं.

1886 साली सरकारी कामासाठी दोघं कलकत्त्याला राहिले. तिथं दारात बंगाली वर्तमानपत्र विकणारा आला. रमाबाईंनी त्याला परत पाठवलं, आपल्याला बंगाली कुठं येतं म्हणून. रानड्यांना ते लागलं. परक्या मुलखात राहायचं आणि तिथली भाषा येऊ नये? त्यांनी बंगाली पुस्तकं आणली आणि शिकायला बसले. दाढी करायला येणारा न्हावी बंगाली होता. दाढी होता होता ते पुस्तक वाचायचे आणि अडलेला शब्द त्यालाच विचारायचे. एवढा मोठा न्यायाधीश न्हाव्याचा शिष्य झालेला बघून रमाबाईंना हसू आलं. मग त्याही बंगाली शिकल्या. सयांनो, फिरणं म्हणजे हेच की. परक्या ठिकाणी जायचं, दोघांनी मिळून काहीतरी नवं शिकायचं, आणि एकमेकांना हसायचंसुद्धा.

ह्या आठवणी रमाबाईंनी स्वतः लिहिल्या. 1910 साली त्यांचं पुस्तक आलं. तेव्हा रानडे जाऊन नऊ वर्षं झाली होती, आणि बाई पुण्यात सेवासदनचं काम बघत होत्या.

दुसरी जोडी आनंदीबाई आणि गोपाळराव जोशी. आनंदीबाई पुढं अमेरिकेत जाऊन डॉक्टर झाल्या. 1883 साली बंगालमध्ये श्रीरामपूरला त्यांनी भाषण केलं. रस्त्यानं चालणाऱ्या शिकलेल्या बाईला लोक कसं छळतात, ते त्यांनी त्यात सगळ्यांपुढं सांगितलं. त्यांच्या शिकण्यामागं गोपाळरावांचा हट्ट होता. पण ह्याच गोपाळरावांनी अभ्यासावरून बायकोवर हातही उचलला, हेही सांगायला हवं. बाहेर काढणारा हात मारणाराही असू शकतो.

म्हणून मला वाटतं, जोडीनं बाहेर पडलं एवढ्यानं भागत नाही. कुठं जायचं हे कुणी ठरवलं, ते महत्त्वाचं. ह्या दोन्ही घरांत सुरुवात नवऱ्यानं ठरवली. आज आपल्या हातात गटाचं पासबुक आहे, एसटीत बाईला अर्धं तिकीट आहे. आता ठरवायला आपण का लाजायचं?

मी स्वतःचंच सांगते. लग्नाला सव्वीस वर्षं झाली तेव्हा मी घरात बोलले, रविवारी दुपारी आपण दोघं कुठंतरी जाऊ. हे म्हणाले, लोक काय म्हणतील? मी म्हटलं, लोक आपल्या भाकरीला पीठ देतात का? पहिल्या रविवारी सागरेश्वरची जुनी देवळं बघितली. त्या वाटेनं शंभरदा गेले असेन, पण कधी उतरले नव्हते. शेजारणी हसल्या. "नवी नवरी निघाली," म्हणाल्या. दुसऱ्या रविवारी ग्रंथालय, तिसऱ्या रविवारी शेजारच्या गावातलं भजन. देवराष्ट्र्याला गेलो तेव्हा ह्यांना रमाबाईंची गोष्ट सांगितली. त्यांना यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून ते ठाऊक होतं, रमाबाईंचं नाव ठाऊक नव्हतं. येताना हे माझ्या पुढं चालत नव्हते. बरोबर चालत होते. आणि सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मला विचारलं, "लहानपणी तुला काय व्हायचं होतं?"

त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला पुढचे दोन रविवार लागले.

ज्यांचे मालक हयात नाहीत किंवा सोबत नाहीत, त्या बायांनो, तुमच्यासाठीही हेच. मैत्रीण घ्या, जाऊ घ्या, लेक घ्या. आणि जिच्या घरी अजून नवऱ्याचा हात उठतो, तिनं आधी गटात बोलावं. फिरणं नंतर.

येत्या बैठकीत मी तोच प्रश्न परत विचारणार आहे. एकीचा तरी हात वर यावा. येते सयांनो, नमस्कार.