गेम बॉयची कुळकथा

गेम बॉय हा हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम निन्टेंडो या जपानी कंपनीने २१ एप्रिल १९८९ रोजी बाजारात आणला. त्याचे उत्पादन थांबून वीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. आज तो मिळतो तो जुन्या वस्तूंच्या बाजारातच. तिथे तो थोडक्या पैशांत विकत घेतला जातो, घरी दुरुस्त केला जातो आणि आवडीने खेळला जातो. हे दीर्घायुष्य त्याला कसे लाभले, याचे उत्तर त्याच्या जन्मकथेतच आहे.

निन्टेंडोची स्थापना १८८९ मध्ये क्योटो शहरात झाली ती हानाफुदा हे फुलापानांच्या चित्रांचे पत्ते बनवण्यासाठी. दोशिशा विद्यापीठात विद्युत अभियांत्रिकी शिकलेले गुनपेई योकोई १९६५ मध्ये तिथे नोकरीला लागले. काम होते पत्ते बनवणाऱ्या यंत्रांच्या देखभालीचे. फावल्या वेळात त्यांनी लांबची वस्तू पकडणारा, जाळीसारख्या पट्ट्यांचा एक हात तयार केला. कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची यांच्या तो नजरेस पडला आणि १९६६ मध्ये ‘अल्ट्रा हँड’ या नावाने विक्रीला आला. त्याचे दहा लाखांहून अधिक नग खपले आणि योकोई देखभालीतून खेळणी घडवण्याच्या कामावर आले.

१९७०च्या दशकात शार्प आणि कॅसिओ या कंपन्यांत कॅल्क्युलेटरवरून जोरदार चढाओढ लागली. तिच्यामुळे द्रवस्फटिक पडदा, म्हणजे एलसीडी, पातळ आणि स्वस्त झाला. बुलेट ट्रेनमध्ये एक प्रवासी कॅल्क्युलेटरची बटणे दाबत वेळ काढताना योकोईंना दिसला आणि खिशात मावणाऱ्या खेळाची कल्पना त्यांना सुचली. त्यातून १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ ही मालिका सुरू झाली. एका यंत्रात एकच खेळ आणि जोडीला घड्याळ, अशी तिची रचना होती. १९८२ च्या ‘डाँकी काँग’ या यंत्रात योकोईंनी अधिक चिन्हाच्या आकाराचे दिशादर्शक बटण बसवले. व्हिडिओ गेमच्या कंट्रोलरवर ते पुढे सर्रास दिसू लागले.

योकोईंचा विचार स्पष्ट होता. जे तंत्र मुरले आहे, ज्याच्या खोडी कळून चुकल्या आहेत आणि ज्याची किंमत उतरली आहे, त्याचा कोणी न केलेला उपयोग शोधायचा. गेम बॉय याच विचारावर उभा राहिला. त्याचा पडदा १६० बाय १४४ ठिपक्यांचा, हिरवट रंगाच्या चार छटांचा. आतून उजेड नाही, त्यामुळे खेळायला खिडकीजवळ किंवा दिव्याखाली बसावे लागे. प्रोसेसर आठ बिटचा, त्या काळीही जुन्या घराण्यातला. जपानमध्ये किंमत ठेवली १२,५०० येन. खेळ बदलायचा तर कार्ट्रिज बदलायचे.

प्रतिस्पर्धी यंत्रे दिसायला कितीतरी देखणी होती. १९८९ चे अटारी लिंक्स आणि १९९० चे सेगा गेम गिअर या दोन्हींचे पडदे रंगीत आणि उजळ होते. पण सहा पेन्सिल सेल घालूनही ती चार-पाच तासांत बंद पडत. गेम बॉय चार सेलवर त्याच्या तिप्पट वेळ सहज चाले. अमेरिकेत त्याच्यासोबतच ‘टेट्रिस’ दिला गेला. मॉस्कोत अलेक्सी पाजित्नोव यांनी १९८४ मध्ये रचलेल्या या खेळाला रंगांची गरजच नव्हती. १९९६ मध्ये सातोशी ताजिरी यांचा ‘पोकेमॉन’ आला आणि दोन यंत्रे वायरने जोडून प्राण्यांची अदलाबदल करण्याचे वेड पसरले. गेम बॉय आणि १९९८ चा गेम बॉय कलर मिळून ११ कोटी ८६ लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. योकोई १९९६ मध्ये निन्टेंडोतून बाहेर पडले आणि पुढच्याच वर्षी रस्ता अपघातात त्यांचे निधन झाले.

एवढी यंत्रे घरोघरी गेल्यावर ती पुन्हा बाजारात येणे ओघानेच आले. जपानमध्ये मात्र या व्यापारावर कायद्याचे सावट होते. गेम हा चित्रपटाच्या जातीचा असून त्याच्या प्रतींच्या वितरणाचा हक्क आमचाच, असे गेम कंपन्यांचे म्हणणे होते. २५ एप्रिल २००२ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, एकदा रीतसर विकलेल्या प्रतीवर तो हक्क उरत नाही. सेकंडहँड गेमच्या दुकानांना त्यामुळे भक्कम आधार मिळाला. ‘हार्ड ऑफ’सारख्या दुकानांत न तपासलेल्या मालाच्या पेट्या ठेवलेल्या असतात, हौशी मंडळी त्यांतूनच स्वस्तात यंत्रे वेचतात. गेम बॉयच्या कार्ट्रिजना देशाचे बंधन नाही, म्हणून जपानमधले कार्ट्रिज इतर देशांतल्या यंत्रावरही चालते.

जुन्या यंत्राची दुखणी ठरावीक असतात. सेल आतच राहून फुटले की स्प्रिंगांवर हिरवट-पांढरा थर चढतो. व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने तो निघतो. पडद्यावर उभ्या रेघा गायब झाल्या तर काचेखालच्या पट्टीचा सांधा सुटलेला असतो. सोल्डरिंगच्या कमी तापवलेल्या टोकाने ती पट्टी हलके शेकली की रेघा बहुधा परततात. कार्ट्रिज लागत नसेल तर फुंकर मारू नये, कारण श्वासातल्या ओलाव्याने धातू गंजतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने टोके पुसावीत. खेळाची नोंद राखणारी नाण्यासारखी बॅटरी संपली की साठवलेला खेळ पुसला जातो, पण नवी बॅटरी डाखून कार्ट्रिज पुन्हा कामाचे होते. अंधुक पडद्याच्या जागी आतून उजळणारा नवा पडदाही बसवता येतो.

सुटे भाग मोजके, जोडणी सरळ आणि इंटरनेटची गरज नाही, म्हणूनच या दुरुस्त्या सामान्य माणसाच्या आवाक्यातल्या आहेत. चालू केल्यावर काही क्षणांत खेळ सुरू होतो. ना खाते उघडावे लागते, ना काही उतरवून घ्यावे लागते. योकोईंनी स्वस्ताईसाठी निवडलेल्या साधेपणानेच हे यंत्र दुसऱ्या, तिसऱ्या मालकाच्या हातीही खेळण्याजोगे ठेवले आहे.