गलबतावरचे गोडे पाणी

पारनेरच्या माणसाने समुद्राच्या गोष्टी सांगाव्यात, हे तुम्हाला जरा चमत्कारिक वाटेल. आमच्याकडे उन्हाळ्यात पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी राहिलेले चार हंडे, नाहीतर वेशीपाशी येणारा टँकर. पण शेतकरी बंधूंनो आणि गुरुजनहो, जहाजावरच्या माणसाची पंचाईत आपल्याला जितकी लवकर उमजेल, तितकी बारमाही नदीकाठच्या माणसाला उमजायची नाही. नजर पोहोचेल तिथवर पाणी, आणि प्यायला मात्र घरून भरून आणलेले, तेही मोजून. खारे पाणी प्यावे तर त्यातले मीठ बाहेर टाकायला शरीराला प्यालेल्यापेक्षा जास्त पाणी लागते. पिणारा उलट अधिक कोरडा पडतो.

शिवाजी महाराजांनी 1664 साली मालवणच्या कुरटे बेटावर सिंधुदुर्ग बांधायला घेतला. त्याच्या तटबंदीचे आपण फार कौतुक करतो. मला त्याहून मोठे नवल वाटते ते आतल्या तीन विहिरींचे : दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूकडे खारे पाणी आणि मध्ये हे गोडे झरे! मराठ्यांच्या गुराबा नि गलबते बहुधा किनारा धरून चालत. किल्ला आणि खाडी जवळ असली की पाण्याची फार मोठी साठवण पोटात घ्यावी लागत नाही.

महासागर ओलांडणाऱ्यांची गोष्ट निराळी. युरोपची जहाजे लाकडी पिंपांत पाणी भरून निघत. काही आठवड्यांत ते हिरवट होई, त्याला घाण येई. 1773 च्या जानेवारीत दक्षिण ध्रुवाकडे गेलेल्या कॅप्टन कुकने समुद्रात तरंगणारे बर्फाचे तुकडे वर ओढून घेतले, वितळवले, आणि त्याचे पाणी गोडे निघाले. पण बर्फ काही सगळ्यांच्या वाटेवर नसतो. पुढे 1815 च्या सुमारास इंग्रजांच्या आरमारात पिंपांच्या जागी लोखंडी टाक्या येऊ लागल्या. चौकोनी असल्यामुळे त्या एकीला एक लागून बसत, जागा वाचे, आणि पाणीही जास्त दिवस बरे राही.

त्याच काळात आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याचे कारागीर सागवानी लढाऊ जहाजे बांधीत होते. 1817 साली तिथे पाण्यात सोडलेले 'ट्रिंकोमाली' आजही इंग्लंडात हार्टलपूल इथे तरंगते आहे. म्हणजे लाकूड दोन शतके टिकले. पाण्याच्या भांड्याला आणि नळांना असले आयुष्य नसते. ती मधूनमधून बदलावीच लागतात, आणि हे काम टाळणाऱ्याला समुद्र माफ करीत नाही.

लोखंड गंजते, पाणी तांबडे होते. शिसे मऊ, हवे तसे वाकते, म्हणून नळ करणाऱ्यांना ते फार सोयीचे. पण शिसे पाण्यात उतरते आणि हळूहळू अंगात भिनते. हे रोमन लोकांना ठाऊक नव्हते असे नाही. व्हिट्रुव्हियस या त्यांच्या वास्तुकाराने शिशाच्या नळापेक्षा मातीच्या नळाचे पाणी आरोग्याला चांगले, असे दोन हजार वर्षांपूर्वीच लिहून ठेवले. आपल्या नगर शहरात निजामशाहीत कापूरवाडीहून पाणी आणले तेही खापरी नळांनी. पण डोलणाऱ्या गलबतात खापरी नळ कसा टिकणार? तिथे तांबे आले, जस्ताचा मुलामा दिलेले लोखंड आले आणि शेवटी प्लास्टिक आले.

आता तुम्ही म्हणाल, प्लास्टिक आले म्हणजे प्रश्न मिटला. तसे नाही. जुन्या शिडाच्या नौकेत वीस-तीस वर्षांची रबरी नळी कापून पाहिली तर आत बुळबुळीत थर बसलेला असतो. पारदर्शक नळीला उजेड लागतो आणि शेवाळ धरते. तो थर ब्रशाने निघत नाही. नळी काढून नवी, पिण्याच्या पाण्यासाठीच केलेली घालावी लागते. टाकीला हात आत जाईल एवढे झाकण हवे, नाहीतर ती घासायची कशी? टाकीत हवा जाण्याची नळी असते, तिचे तोंड उंच हवे, नाहीतर लाटेचे पाणी त्यातूनच आत शिरते. आणि विजेचा पंप कितीही चांगला असला तरी शेजारी पायाने दाबायचा साधा पंप असावा. पायपंपाने पाणी बेतानेच येते, हाही एक फायदाच.

सगळ्यांत मोठे काम म्हणजे पाणी एकाच टाकीत न ठेवणे. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात 'म्हादेई' ही 56 फुटी नौका बांधली गेली. नाव नदीचे, हे ध्यानात घ्या. तिच्यातून कमांडर दिलीप दोंदे यांनी 2009-10 साली चार बंदरे घेत एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. पुढे अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला मुंबईहून निघाले ते कुठेही न थांबण्याच्या निश्चयाने. प्रवासाच्या अखेरच्या टप्प्यात पिण्याच्या साठ्यात डिझेल मिसळल्याचे त्यांच्या लक्षात आले. रॉकेलचा डबा कितीही धुतला तरी आपल्या घरात कोणी त्यात पिण्याचे पाणी भरीत नाही. यावरून काय ते समजा. भर समुद्रात टाकी बदलणार कोण? बंदर घेतले असते तर पाणी मिळाले असते, पण न थांबण्याचा संकल्प तिथेच मोडला असता.

त्यांनी बंदर घेतले नाही. उरलेसुरले चांगले पाणी पुरवून वापरले आणि पाऊस आला तेव्हा, पागोळ्यांखाली आपण घागर ठेवतो तसे, पावसाचे पाणी धरले. 31 मार्च 2013 रोजी, पाच महिन्यांनी, 'म्हादेई' मुंबईला परत आली.