कोकण आडवं पाहावं

कोकणातली एका दिवसाची सहल आखायला बसलं की नकाशावर बोट आपोआप वरून खाली सरकू लागतं. रेवदंडा, मुरूड, हरिहरेश्वर, हर्णै, गुहागर, विजयदुर्ग, मालवण. यातली दोन-तीन ठिकाणं निवडायची, फेरीबोटीच्या वेळा जुळवायच्या, एक किल्ला, एक देऊळ आणि संध्याकाळी पुळणीवर सूर्यास्त. रेवस ते रेडी या सागरी महामार्गाचा जसजसा एकेक तुकडा जोडला जातोय, तसतशी ही सवय अधिक पक्की होते आहे. पण हा बेत कोकणच्या इतिहासाला छेद देऊन जातो. समुद्राला समांतर जाणारा प्रवासी प्रत्येक खाडीचं फक्त तोंड पाहतो, ती ओलांडतो आणि पुढच्या खाडीच्या तोंडाशी पोचतो. खाडीच्या आत काय होतं, तो किल्ला नेमका कशाची राखण करत होता, हे त्याला कळतच नाही. कोकणच्या इतिहासाचं एकक किनारा नसून खाडी आहे. मुखाशी किल्ला, आत भरतीचं पाणी जिथवर पोचतं तिथे बंदर आणि बंदरामागे देशावर चढणारा घाट, असा तो पूर्व-पश्चिम पट्टा. एका दिवसात कोकणचा इतिहास पाहायचा असेल तर एकच खाडी धरावी आणि ती मुखापासून घाटापर्यंत पाहावी.

विजयदुर्गची वाघोटण खाडी घ्या. मुखाशी तीन बाजूंनी पाण्याने वेढलेला, तिहेरी तटाचा विजयदुर्ग. बहुतेकांची सहल इथेच संपते. किल्ल्यापासून तीनेक किलोमीटर आत, गिर्ये गावाच्या बाजूला, मराठी आरमाराची गोदी आहे. खडक कोरून आणि दगड रचून केलेला सुमारे शंभर मीटर लांबीचा हा खळगा. भरतीला तोंडातून पाणी आत शिरायचं, त्याच्याबरोबर गलबत आत यायचं. ओहोटीला पाणी उतरलं की जहाजाचं बूड उघडं पडायचं आणि डागडुजी करता यायची. पंप नाही, यंत्र नाही, सगळं काम चंद्राच्या ओढीवर चाललेलं. भर समुद्राच्या काठावर अशी गोदी बांधता आली नसती, कारण लाटांनी जहाज दगडावर आपटलं असतं. तिला खाडीचं शांत पाणी लागतं, म्हणजे किल्ल्याचं सामर्थ्यच मुळात किल्ल्याच्या मागच्या पाण्यात होतं. आणि याच खाडीने आत सुमारे ४० किलोमीटर गेलं की खारेपाटण लागतं. मुंबई-गोवा महामार्गावरून रोज हजारो गाड्या या गावाजवळून जातात, आणि इथे कधीकाळी बंदर होतं याची बहुतेकांना कल्पनाही नसते.

खारेपाटणला सापडलेला शिलाहार राजा रट्टराज याचा ताम्रपट शके ९३०, म्हणजे इसवी सन १००८ चा आहे. देवस्थानाला दिलेल्या या दानात गावांबरोबर जहाजांवरचा करही आहे: परद्वीपाहून येणाऱ्या प्रत्येक जहाजामागे सोन्याचा एक गद्याण, कंदलमूलीय इथून येणाऱ्या जहाजामागे सोन्याचा एक धरण. चेमुल्य म्हणजे चौल आणि गोव्यातलं चंद्रपूर इथल्या जहाजांना यातून वगळलेलं आहे. हा तपशील सावकाश वाचावा असा आहे. कुठल्या जहाजावर किती कर आणि कोणाला माफी, हे ताम्रपटावर कोरून ठेवण्याइतकी जहाजांची ये-जा नेमाची होती, आणि तिच्यातून मिळणारं उत्पन्न देवाच्या पूजेअर्चेला पुरेल अशी खात्री राजाला होती. असा पट समुद्रापासून इतक्या आत असलेल्या गावी सापडावा, आणि त्याच गावाच्या मागे भुईबावड्यावरून गगनबावड्याला, पुढे कोल्हापूरला जाणारी वाट असावी, हा योगायोग मानायला मन धजत नाही.

हीच रचना उत्तरेला दीड हजार वर्षं मागेपुढे तशीच दिसते. जंजिऱ्याचा किल्ला राजपुरी खाडीच्या तोंडाशी आहे. जंजिरा पाहणारे लाखो लोक आहेत, पण त्याच पाण्याने आत गेलं की मांदाडजवळच्या डोंगरात कुड्याची बौद्ध लेणी आहेत, तिकडे वळणारे थोडे. त्या लेण्यांमधल्या दानलेखांत माळी आहे, श्रेष्ठी आहे, आणि एक लोखंडाचा व्यापारी आहे. महिक त्याचं नाव, आणि गाव करहाकड, म्हणजे आजचं कऱ्हाड. कृष्णा-कोयनेच्या संगमावरचा लोखंडाचा व्यापारी सह्याद्री उतरून खाडीच्या काठी येतो आणि तिथे भिक्षूंसाठी लेणं कोरवून देतो. घाट आणि खाडी यांचं नातं याहून स्वच्छ शब्दांत सांगणारा पुरावा मला ठाऊक नाही. ज्या जागेशी धंद्याचा संबंध नाही, तिथे व्यापारी सहसा आपल्या नावाने दान कोरून ठेवत नाही.

सतराव्या शतकात इंग्रजांनी वखार घातली ती राजापूरला, खाडीच्या मुखावरच्या जैतापूरला नव्हे. १६६१ मध्ये शिवाजी महाराजांनी जी वखार लुटली ती हीच, आणि घाटावरून उतरणारा माल जिथे गोळा होतो ते ठिकाण कोणतं, हे दोन्ही बाजूंना चांगलं माहीत होतं. त्याहून बोलकी गोष्ट १७५६ ची. फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी तुळाजी आंग्र्यांकडून विजयदुर्ग जिंकला आणि आंग्र्यांचं आरमार बंदरातच जळालं. पश्चिम किनाऱ्यावरचा सर्वांत बळकट जलदुर्ग इंग्रजांच्या हाती होता. त्याच वर्षी ऑक्टोबरच्या तहाने त्यांनी तो पेशव्यांना दिला आणि बदल्यात सावित्रीच्या मुखावरचा बाणकोट आणि त्याच्या आसपासची दहा गावं कायमची मिळवली. तटबंदीच्या हिशेबाने हा घाट्याचा सौदा आहे, खाडीच्या हिशेबाने नाही. बाणकोट मुंबईला जवळ, तिथून जहाजांना रसद मिळणार, आणि सावित्रीचं पाणी थेट महाडपर्यंत, रायगडाच्या पायथ्याच्या मुलखात नेणार. किल्ले पाहत फिरणारा आजचा प्रवासी विजयदुर्ग मोठा आणि बाणकोट छोटा असं समजून परततो. ज्यांना व्यापार करायचा होता त्यांनी उलटं मोजलं होतं.

मग किनारा म्हणजे उत्तर-दक्षिण एक सलग रेषा, ही समजूत आली कुठून? ती फार जुनी नाही. १८६३ मध्ये बोरघाटातून रेल्वे धावू लागली आणि देशावरचा माल कोकणातल्या बंदरांवर उतरण्याऐवजी सरळ मुंबईला जाऊ लागला. बैलांचे तांडे घाट उतरून गूळ-धान्य आणत आणि मीठ, नारळ, सुकी मासळी घेऊन परतत, त्यांचं बळ हळूहळू ओसरलं. दुसरीकडे आगबोटी आल्या. त्या खाडीत आत शिरू शकत नव्हत्या. त्या मुंबईहून निघून हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला अशा बंदरांबाहेर नांगर टाकत आणि उतारू पडावातून किनाऱ्याला लागत. मुंबईच्या गिरण्यांत कामाला गेलेल्या चाकरमान्याच्या डोक्यात कोकणचा जो नकाशा बसला तो या बोटींच्या थांब्यांचा. खाडीच्या टोकाची बंदरं गाळाने भरत गेली. राजापूरच्या जुन्या धक्क्याला मोठी गलबतं लागू शकत नाहीत, ही तक्रार ब्रिटिश अमदानीतल्या गॅझेटियरमध्येही आहे, जरी अरबी जहाजं त्या काळातही या बंदराशी व्यापार करत होती. पुढे मोटार आली, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली, आणि उभ्या रेषा आणखी ठळक झाल्या. महामार्गाने नद्या जिथे अरुंद होतात तिथे पूल घातले, त्यामुळे तो नेमका महाड, चिपळूण, संगमेश्वर, राजापूर, खारेपाटण या जुन्या खाडीबंदरांच्या वाटेने गेला. म्हणजे आजचा प्रवासी जुन्या बंदरांतूनच जातो, फक्त त्यांना उभं छेदून.

यावर पहिला आक्षेप असा की समुद्र स्वतःच उत्तर-दक्षिण मार्ग होता. हे खरं आहे, आणि पुरावाही खारेपाटणचाच आहे. तिथल्या दुसऱ्या ताम्रपटात, शके १०१६ च्या, उत्तर कोकणच्या अनंतदेवाने बलिपत्तनच्या दोन श्रेष्ठींना ठाणे, सोपारा, चौल या बंदरांत जकात माफ केली आहे. किनाऱ्याकिनाऱ्याने व्यापार होताच. पण ती गलबतं एका खाडीतून निघून दुसऱ्या खाडीत शिरत, मधला किनारा त्यांना फक्त ओलांडायचा असे. शिवाय ज्येष्ठापासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, तेव्हा हा मार्ग वर्षभर उघडा नसे. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. सिंधुदुर्ग, सुवर्णदुर्ग हे बेटांवरचे किल्ले कुठल्याही मोठ्या खाडीच्या तोंडाशी नाहीत. १६६४ मध्ये सिंधुदुर्गाचा पाया घातला गेला तो उघड्या समुद्रातल्या खडकावर. इथे माझी चौकट तोकडी पडते हे मान्य करायला हवं. हे किल्ले आरमाराच्या गरजेतून, बेटाच्या आडोशाला सुरक्षित नांगर टाकण्यासाठी उभे राहिले, आणि त्यांना एक वेगळा दिवसच दिला पाहिजे. पण हे अपवाद राजकीय आहेत. व्यापाराचं जुनं कोकण त्यांच्या आधीपासून खाड्यांवर पोसलं गेलं होतं.

तिसरा आक्षेप घरातल्यांचा असतो: आत पाहण्यासारखं आहे काय? गाळाने भरलेलं पात्र, कोसळलेला धक्का, झाडीत लपलेलं देऊळ. मुलांना पुळण हवी असते. पुळण जरूर पाहावी. पण गाळ हा पाहण्याचाच विषय आहे. जिथे परद्वीपाची जहाजं येत होती तिथे आज गुडघाभर पाणी असेल, तर मधल्या काळात काय घडलं हे त्या पात्राच्या काठी उभं राहिल्याशिवाय मनाला पटत नाही. विजयदुर्गचा बुरूज पाहून डोळे दिपतात. तो बुरूज कशासाठी उभा होता, हे खारेपाटणला उमगतं.

असा दिवस आखायचा तर घड्याळाआधी पंचांग पाहावं. दर्यावर्दी लोकांचा जुना हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट केली की भरती पूर्ण होण्याची वेळ मिळते. पौर्णिमेला आणि अमावस्येला बाराच्या सुमारास भरती, अष्टमीला सहाच्या सुमारास. मुंबईच्या दक्षिणेला ही वेळ थोडी अलीकडे येते. पौर्णिमा-अमावस्येच्या आगेमागे उधाण असतं, अष्टमीच्या आसपास भांग, तेव्हा पाणी फारसं चढत-उतरत नाही. वाघोटण खाडीसाठी चतुर्थी-पंचमीचा दिवस उत्तम, शुद्ध पक्षातली असो वा वद्य. सकाळी आठ-नऊच्या सुमारास ओहोटी असते, तेव्हा गोदीत उतरून तिचे रचलेले दगड आणि तळाचा गाळ पाहता येतो. पाणी वाढू लागलं की किल्ला पाहावा, मग गिर्ये इथल्या रामेश्वराच्या देवळात जावं, तिथे संभाजी आंग्र्यांची समाधी आहे. जेवण उरकून भरतीबरोबर आत निघावं. पाणी मुखाशी भरल्यानंतर वरच्या अंगाला पोचायला आणखी वेळ लागतो, त्यामुळे गाडीने गेलात तरी दुपारी खारेपाटणला तुम्ही आणि ते पाणी साधारण एकाच सुमाराला पोचाल. गलबतं याच पाण्यावर वर येत. तिथून ऊन उतरताना भुईबावड्याच्या वाटेला लागलं की अंधार पडायच्या आत गगनबावडा गाठता येतो, आणि मागे वळून पाहिलं तर ती सगळी खाडी पश्चिमेच्या उजेडाकडे उतरत गेलेली असते.