चार धुराडी

शाळेत असताना माझ्याकडे जुन्या जहाजांच्या चित्रांचं एक पुस्तक होतं. त्यातलं माझं सगळ्यात लाडकं पान मॉरिटेनियाचं होतं. काळं अंग, पांढरे मजले आणि ओळीनं उभी असलेली लाल-काळी चार धुराडी. एका सुट्टीत मी ते पान आजोबांना दाखवलं. आजोबा भुसावळच्या लोको शेडमधून निवृत्त झालेले, जन्मभर वाफेच्या इंजिनावर फायरमन. चष्मा कपाळावर चढवून त्यांनी चित्र निरखलं आणि एकच प्रश्न विचारला, "कोळसा कोण टाकतं रे याच्यात?"

पुस्तकात त्याचं उत्तर नव्हतं. जिन्याचा फोटो होता, जेवणघराचा होता, घुमटाचा होता. पुढे या जहाजांबद्दल जे सापडेल ते वाचत गेलो, तेव्हा कळलं की आजोबांचा प्रश्न बाजूचा नव्हताच. या जहाजांचा सगळा इतिहास त्याच प्रश्नावर उभा आहे.

गोष्ट सुरू होते ती ब्रिटिशांच्या दुखावलेल्या अभिमानापासून. १८९७ साली जर्मनांनी 'कायझर विल्हेल्म देर ग्रोसे' हे चार धुराड्यांचं पहिलं लायनर पाण्यात आणलं आणि वर्षभरातच अटलांटिकवरच्या वेगाचा मान ब्रिटिशांकडून हिसकावून घेतला. मग १९०२ मध्ये अमेरिकन धनको जे. पी. मॉर्गन यानं जहाज कंपन्यांचा एक मोठा गट उभा केला आणि व्हाइट स्टार ही नामांकित ब्रिटिश कंपनी त्यात ओढली. उरली क्युनार्ड. तीही हातची जाऊ नये म्हणून १९०३ साली ब्रिटिश सरकारनं तिच्याशी करार केला. पावणेतीन टक्के व्याजानं २६ लाख पौंडांचं कर्ज आणि वर दरसाल दीड लाख पौंडांचं अनुदान. बदल्यात साडेचोवीस नॉटचा वेग राखू शकणारी दोन जहाजं बांधायची आणि युद्ध झालंच तर ती सरकारच्या ताब्यात द्यायची. म्हणजे 'खासगी ऐश्वर्य' म्हणून आपण ज्याकडे बघतो, त्याच्या पायात सरकारी पैसा होता.

लुसिटेनिया क्लाइड नदीवर बांधलं गेलं, मॉरिटेनिया टाइनवर. १९०७ मध्ये दोन्ही धावू लागली. जहाजाचा वेग वाढवणं किती महाग पडतं हे समजायला एक ढोबळ हिशोब पुरतो: वेग दुप्पट हवा असेल तर ताकद साधारण आठपट लागते. त्यामुळे शेवटचे दोन-तीन नॉटच सगळ्यात जास्त कोळसा खातात. जुनी दट्ट्याची इंजिनं इथे अपुरी पडत होती, म्हणून चार्ल्स पार्सन्सची वाफेची टर्बाइन बसवण्याचं धाडस क्युनार्डनं केलं. ते फळलं. १९०९ मध्ये मॉरिटेनियानं मिळवलेला पश्चिमेकडच्या प्रवासाचा विक्रम १९२९ पर्यंत, म्हणजे २० वर्षं कुणाला मोडता आला नाही.

आता आजोबांच्या प्रश्नाचं उत्तर. मॉरिटेनियावर २५ बॉयलर होते आणि त्यांना १९२ भट्ट्या. दिवसाला सुमारे १००० टन कोळसा लागायचा. तो टाकायला सुमारे २०० फायरमन आणि कोठारांतून हातगाड्यांनी कोळसा ओढून आणायला १२० ट्रिमर. चार तास काम, आठ तास सुट्टी, पुन्हा चार तास. भागाकार केला तर एका फायरमनच्या वाट्याला दिवसाचे पाच टन येतात. नुसतं फावडं मारून भागत नाही. निखारा सारखा पसरायचा, लांब सळीनं खंगर फोडायचा, राख ओढून काढायची, आणि हे सगळं पायाखालची जमीन डोलत असताना. भट्टी आपल्या मर्जीनं उघडायचीही सोय नसे. टायटॅनिकवर तर कुठली भट्टी केव्हा उघडायची हे घंटा वाजवून सांगणारं यंत्र होतं.

या लोकांमध्ये लिव्हरपूलचे आणि आयरिश कामगार पुष्कळ. आपल्याकडे येणाऱ्या पी अँड ओच्या बोटींवर हेच काम मुख्यतः पंजाब-सरहद्दीकडची माणसं करत. त्यांना नावच 'आगवाला' होतं. त्याच बोटींवर वर जेवण वाढणारे बहुतेक गोव्याचे.

कोळसा टाकणारे खाली दिसत नसत, तसेच पैसे भरणारेही पुढे दिसत नसत. मॉरिटेनियावर पहिल्या वर्गाच्या जागा ५६३, दुसऱ्याच्या ४६४ आणि तिसऱ्याच्या ११३८. निम्म्याहून अधिक माणसं तिसऱ्या वर्गातली, अमेरिकेत पोट भरायला निघालेली. अक्रोड आणि महोगनीनं मढवलेली दालनं जाहिरातीत झळकायची, पण जहाज किफायतीत ठेवायला ही गर्दी लागायची. न्यूयॉर्कला पोचल्यावर वरच्या दोन वर्गांची तपासणी जहाजावरच उरकायची. तिसऱ्या वर्गाला छोट्या बोटींत भरून एलिस बेटावर नेत. १९०७ या एका वर्षात त्या बेटावरून १० लाखांहून अधिक माणसं गेली.

म्हणून मला वाटतं, या जहाजांचं युग टायटॅनिकनं संपलं नाही, किंवा १९१५ मध्ये पाणतीर लागून १८ मिनिटांत बुडालेल्या लुसिटेनियानंही नाही. ते अमेरिकन संसदेत संपलं. १९२१ आणि १९२४ च्या कायद्यांनी प्रत्येक देशाचा कोटा ठरवला. पहिल्या कायद्यात कोटा महिन्यागणिक मोजला जाई, त्यामुळे पहिल्या तारखेच्या मध्यरात्री न्यूयॉर्क बंदरात आधी शिरायला जहाजांच्या शर्यती लागत. उशीर झाला तर माणसं परत न्यायची. गर्दी आटली तशी कंपन्यांनी तिसरा वर्ग रंगवून-सजवून 'टुरिस्ट थर्ड' केला आणि विद्यार्थी, शिक्षक अशा प्रवाशांना विकायला काढला. त्याच सुमारास मॉरिटेनियाच्या भट्ट्या तेलावर आल्या. फावडी गेली आणि फावडी मारणारेही गेले. धुरात जगण्याची शिक्षा संपली हे खरं, पण त्यांच्या हातची भाकरीही गेली.

१९३५ च्या मे महिन्यात साउदॅम्प्टनला मॉरिटेनियाच्या सामानाचा लिलाव झाला आणि मग जहाज मोडीसाठी रॉसिथला गेलं. त्याची कोरीव लाकडी तावदानं ब्रिस्टलच्या एका मद्यगृहाला लावली गेली. ती हौसेनं बघायला जाणारे लोक आहेत. संधी मिळाली तर मीही जाईन.

आजोबांच्या उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याचे बारीक डाग होते. लहानपणी मला ते देवीचे व्रण वाटायचे. त्या दिवशी मी त्यांना "माहीत नाही" एवढंच म्हणालो होतो. त्यांनी पुस्तक मिटून परत दिलं आणि म्हणाले, "चार नळकांडी म्हणजे माणसं बरीच लागत असणार."