ब्राउनी (कॅमेरा)

ब्राउनी ही अमेरिकेतील ईस्टमन कोडॅक कंपनीने निर्माण केलेली सोप्या व स्वस्त कॅमेऱ्यांची मालिका होय. तिच्यातील पहिला कॅमेरा फेब्रुवारी १९०० मध्ये एक डॉलर किमतीस विक्रीस आला. तो प्रामुख्याने लहान मुलांसाठी तयार करण्यात आला होता. प्रत्यक्षात मात्र त्याच्यामुळे छायाचित्रण सर्वसामान्य कुटुंबांच्या आवाक्यात आले.

पार्श्वभूमी

कोडॅकचे संस्थापक जॉर्ज ईस्टमन यांनी १८८८ साली आणलेल्या पहिल्या ‘कोडॅक’ कॅमेऱ्याची किंमत २५ डॉलर होती. त्यातील फिल्म संपल्यावर संपूर्ण कॅमेराच कारखान्यात पाठवावा लागे. फिल्मचा खप वाढवायचा तर कॅमेरा घरोघरी पोहोचणे आवश्यक होते. त्यासाठी ईस्टमन यांनी स्वस्त कॅमेऱ्याच्या रचनेचे काम फ्रँक ब्राउनेल यांच्याकडे सोपवले. पामर कॉक्स यांच्या चित्रकथांतील ‘ब्राउनी’ ही बुटकी पात्रे त्या काळी मुलांमध्ये लोकप्रिय होती. त्यांवरून कॅमेऱ्याचे नाव ठेवण्यात आले. स्कॉटलंडच्या लोककथांत ब्राउनी म्हणजे घरकामास मदत करणारा अदृश्य जीव.

रचना

पहिला ब्राउनी म्हणजे कृत्रिम चामड्याने मढवलेली पुठ्ठ्याची पेटी होती. तीत एकच साधे भिंग व एक साधे शटर असे. छायाचित्र सव्वादोन इंच लांबी-रुंदीचे, चौरस असून एका फिल्मवर सहा छायाचित्रे निघत. फिल्मची किंमत १५ सेंट होती. नेम धरण्यासाठी पेटीच्या वरच्या बाजूस इंग्रजी ‘व्ही’ अक्षराच्या आकाराच्या रेषा होत्या. दृश्यदर्शक वेगळा विकत घेऊन बसवावा लागे.

मुलांचा कॅमेरा

भिंगाचे अंतर जुळवण्याची गरज नसल्याने मुलाला केवळ कॅमेरा स्थिर धरणे, खटका दाबणे आणि पुढच्या चित्रासाठी फिल्म गुंडाळणे एवढेच करावे लागे. फिल्म दिवसाच्या उजेडात भरता येत असल्याने अंधाऱ्या खोलीची आवश्यकता नव्हती. अर्थात या सोपेपणाला मर्यादाही होत्या. ढगाळ हवामानात वा घरात चित्र अंधूक येई, फार जवळची वस्तू अस्पष्ट दिसे आणि हात हलल्यास चित्र बिघडे. सहाच चित्रे उपलब्ध असल्याने प्रत्येक वेळी खटका दाबण्यापूर्वी विचार करणे भाग पडे. सोळा वर्षांखालील मुलांसाठी कंपनीने ब्राउनी कॅमेरा क्लबही सुरू केला होता.

पुढील आवृत्त्या

१९०१ साली आलेल्या ‘क्र. २ ब्राउनी’साठी तयार केलेली १२० क्रमांकाची फिल्म आजही वापरात आहे. ब्रिटनमध्ये १९५२ ते १९६७ या काळात तयार झालेला, बेकेलाइटचा ‘ब्राउनी १२७’ हाही अत्यंत लोकप्रिय ठरला.

प्रभाव

अमेरिकन निसर्गछायाचित्रकार अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स यांना १९१६ साली, चौदा वर्षांचे असताना, योसेमिटी येथील सहलीत वडिलांनी ब्राउनी भेट दिला. त्यांच्या छायाचित्रणाचा आरंभ तेथूनच झाला. उत्तम चित्रासाठी महागडे साधन लागतेच असे नाही, हे दाखवण्यासाठी ब्रिटिश वृत्तछायाचित्रकार बर्ट हार्डी यांनी १९५१ साली ब्लॅकपूल येथे साध्या बॉक्स ब्राउनीने काढलेले, कठड्यावर बसलेल्या दोन तरुणींचे छायाचित्र प्रसिद्ध आहे. कॅमेरा हे व्यावसायिकांचे साधन न राहता मुलाच्या हाती देण्याजोगी वस्तू ठरली, हे ब्राउनीचे छायाचित्रणाच्या इतिहासातील महत्त्वाचे योगदान मानले जाते.