रुमालांत बांधलेले राज्य

शाळकरी मुलाच्या पाठीवरील पिशवीला आज आपण दप्तर म्हणतो. पेशवाईत हा फारसी शब्द राज्याच्या समग्र कागदपत्रांसाठी वापरला जाई. पुण्याच्या हुजूर दप्तराचे चालते दप्तर आणि एकबेरीज दप्तर असे दोन विभाग होते. फडणिसाच्या देखरेखीखालील चालत्या दप्तरात फड, बेहेडा, सरंजाम इत्यादी खाती असत. निरनिराळ्या खात्यांचे हिशेब एकबेरजेत एकत्र होऊन ताळेबंद निघे. सुटणाऱ्या पत्राची दप्तरात नोंद झाली की त्यावर ‘बार’ असा शेरा पडे. कागद चौकोनी फडक्यांत बांधून ठेवीत. त्या गाठोड्यांना रुमाल म्हणत.

नाना फडणिसांच्या काळात दप्तराला चांगली शिस्त आली. दुसऱ्या बाजीरावाच्या कारकिर्दीत मात्र त्याची आबाळ झाली आणि कागद बाहेर जाऊ लागले. १८१८ नंतर इंग्रजांनी उरलेले दप्तर ताब्यात घेतले. त्यांना इतिहासाची आवड होती म्हणून ते जपले, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. १८५२ च्या ११ व्या कायद्यानुसार इनामांची तपासणी सुरू झाली, तेव्हा पिढीजात वहिवाट असूनही ज्याच्या हक्काला कागदाचा आधार मिळेना, त्याची जमीन धोक्यात आली. रुमालांचे मोल वाढले ते यामुळे.

साहजिकच त्यांची मांडणी वसुलाच्या आणि इनामांच्या सोयीची होती. इतिहासकाराला हवी तशी नव्हे. हे संकट अंगावर घेतले ते बडोद्याच्या राजसेवेतून १९२५ साली निवृत्त झालेल्या रियासतकार गोविंद सखाराम सरदेसायांनी. सयाजीराव महाराजांचे वाचक म्हणून काम केलेल्या या गृहस्थांनी उतारवयात हजारो मोडी रुमालांतून कागद निवडविले आणि १९३० पासूनच्या अवघ्या काही वर्षांत त्यांचे ४५ खंड प्रसिद्ध केले.

त्यांतील खरी अडचण मोडी लिपीची नव्हे, कालनिर्णयाची होती. हिशेबाच्या कागदाला साल असते. खाजगी पत्राला तिथी आणि महिना असे. वर्ष बहुधा नसेच. लिहिणाऱ्याला व वाचणाऱ्याला ते ठाऊकच असे! मग मजकुरातील एखाद्या स्वारीवरून, लग्नावरून वा मृत्यूच्या उल्लेखावरून साल बसवावे लागे. ग्रंथालयात चुकीच्या फळीवर गेलेले पुस्तक हरवल्यातच जमा होते. तसा चुकीच्या रुमालात शिरलेल्या अशा पत्राला शेजारच्या कागदाचाही आधार उरत नसे.