लक्ष्मीबाई, झाशीची राणी : व्हिडिओ गेममधील प्रतिमा

लक्ष्मीबाई नेवाळकर (१८२८ किंवा १८३५ – जून १८५८). झाशी संस्थानच्या राणी, १८५७ च्या उठावातील सेनानी. मूळ नाव मणिकर्णिका. चरित्र येथे अगदी थोडक्यात दिले असून भर त्यांच्या नावाने व्हिडिओ गेमच्या कल्पित जगात वावरणाऱ्या पात्रांवर आणि त्या पात्रांमागील साधनांवर आहे.

चरित्र. जन्म काशी येथे. वडील मोरोपंत तांबे दुसऱ्या बाजीरावांचे बंधू चिमाजी आप्पा यांच्या पदरी होते. १८४२ मध्ये झाशीचे गंगाधरराव नेवाळकर यांच्याशी विवाह झाला. पोटचा मुलगा तान्हेपणीच गेला. गंगाधरराव २१ नोव्हेंबर १८५३ रोजी वारले. आदल्या दिवशी त्यांनी आनंदराव या मुलास दत्तक घेऊन दामोदरराव असे नाव ठेवले होते. गव्हर्नर-जनरल डलहौसीने दत्तक नामंजूर केले आणि १८५४ मध्ये संस्थान खालसा झाले. राणीस दरमहा ५,००० रुपये तनखा ठरला. जून १८५७ मध्ये झाशीत इंग्रज स्त्री-पुरुषांची कत्तल झाली. तिची जबाबदारी राणीवर कितपत येते, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. मार्च १८५८ मध्ये सर ह्यू रोज याने झाशीस वेढा दिला. पुढे काल्पी व ग्वाल्हेर येथे लढा आणि अखेर कोटा की सराय येथील लढाईत मृत्यू (१७ जून, काहींच्या मते १८ जून).

‘द ऑर्डर : १८८६’. कॅलिफोर्नियातील रेडी ॲट डॉन या संस्थेने तयार केलेला व सोनीने फेब्रुवारी २०१५ मध्ये प्लेस्टेशन ४ साठी प्रसिद्ध केलेला गेम. यातले लंडन वेगळेच आहे : आर्थर राजाच्या गोलमेजाचे सरदार शतकानुशतके जगत आले आहेत, आकाशात हवाई जहाजे आहेत आणि गल्लीबोळांत नरपशूंचा वावर आहे. व्हाइटचॅपल या गरीब वस्तीत बंडखोर जमले असून त्यांच्या पुढारी आहेत झाशीच्या राणी लक्ष्मी. त्यांचे वैर ‘युनायटेड इंडिया कंपनी’शी. कंपनी पेट्यांमध्ये लपवून रक्तपिपासू प्राणी परदेशी धाडते, हे कारस्थान उघडकीस आल्यावर कथानायक गॅलाहॅड हा सरदार त्यांच्या बाजूस येतो. बंडखोर म्हणून ज्यांची शिकार करायला निघायचे त्यांचेच म्हणणे खरे निघावे, ही या गेमच्या कथेची मुख्य कलाटणी आहे.

१८८६ साली राणींचे वय, जन्मवर्षाच्या दोन मतांप्रमाणे, ५८ किंवा ५१ भरले असते. पडद्यावरील लक्ष्मी त्याहून तरुण दिसतात. प्रत्यक्षात ईस्ट इंडिया कंपनीचा कारभार १८५८ मध्येच संपून राज्य ब्रिटिश राणीकडे गेले. गेमकर्त्यांनी दोघींनाही, झाशीच्या राणीला आणि कंपनीला, १८८६ पर्यंत जिवंत ठेवले, आणि झाशीला न मिळालेला न्याय लंडनमध्ये मागायला लावला. प्रस्तुत लेखकास ही कल्पना अतिशय समर्पक वाटते.

‘फेट/ग्रँड ऑर्डर’. जपानी मोबाइल गेम (२०१५). राणींचे पात्र त्यात २०१९ मध्ये भारतीय पुराणकथांवर बेतलेल्या भागाबरोबर आले. चेहरा याच गेममधील जोन ऑफ आर्कसारखा. ‘भारताची जोन’ या जुन्या उपमेवरून तो घेतलेला दिसतो. नावातल्या लक्ष्मीला अलक्ष्मीचीही जोड दिली आहे. लक्ष्मीपूजनाच्या सुमारास केरसुणीने घराबाहेर काढायची ती हीच अलक्ष्मी. दिवाळीची नवी केरसुणी पुजणाऱ्या घरातील वाचकास ही जोड विचित्र वाटेल. पात्राच्या अंतिम अस्त्राचे नाव ‘नहीं देंगे’ असे आहे.

त्या शब्दांचा उगम. झाशी देण्यास नकार देणारे राणींचे वाक्य प्रत्येक मराठी शाळकरी मुलास मराठीत पाठ असते. त्याची लेखी नोंद मात्र इंग्रजी ग्रंथात आणि हिंदुस्थानीत आहे. ऑस्ट्रेलियात जन्मलेले वकील जॉन लँग १८५४ मध्ये राणींच्या बोलावण्यावरून झाशीस गेले. राणी पडद्याआड बसल्या होत्या. दत्तक मुलाने पडदा बाजूस सारला तेव्हा लँग यांना त्यांचे ओझरते दर्शन झाले. लँग यांनी त्यांची चेहरेपट्टी, पोशाख, एवढेच नव्हे तर आवाजही (तो त्यांना आवडला नाही) टिपून १८५९ च्या ग्रंथात छापला. नकाराचे शब्द त्यांनी जसे ऐकले तसे रोमन अक्षरांत उतरवले आहेत. जपानी गेममधील क्रियापदाचे रूप लँग यांच्या लेखनाशी जुळते. राणींची घरची भाषा मराठी होती. परक्या वकिलाशी त्या हिंदुस्थानीत बोलल्या.

मराठी साधन. विष्णुभट गोडसे (वरसई, ता. पेण) हे कर्जामुळे दानदक्षिणेच्या आशेने १८५७ मध्ये उत्तरेस निघाले आणि वेढ्याच्या वेळी झाशीतच अडकले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिं. वि. वैद्यांनी १९०७ मध्ये, तर मूळ हस्तलिखितावरून द. वा. पोतदारांनी १९६६ मध्ये प्रसिद्ध केला. लेखन घटनांनंतर सुमारे पाव शतकाने झाले, म्हणून तपशील पारखून घ्यावे लागतात. तरीही राणींची दिनचर्या, व्यायाम, घोड्यांची पारख, मधूनमधून केलेला पुरुषी पोशाख, वेढ्यातील पाण्याचे हाल, शहर पडल्यावरची कत्तल आणि ग्रंथालयाचा नाश हे सारे आत राहिलेल्या माणसाच्या नजरेने लिहिलेले दुसरीकडे मिळत नाही. काल्पीकडील वाटेवर विहिरीपाशी राणी भेटल्याचे ते सांगतात : धुळीने माखलेल्या, तहानेने व्याकूळ. गोडसे पाणी शेंदू लागले तेव्हा राणींनी त्यांना थांबवले. विद्वान ब्राह्मणाने आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून स्वतः पाणी काढले आणि मातीच्या भांड्याने प्यायल्या. वर उल्लेखिलेले दोन्ही गेम तलवार आणि नकार यांभोवती रचलेले आहेत. या विहिरीवरच्या राणीला त्यांत जागा मिळालेली नाही, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते हेच त्यांचे सर्वांत मोठे न्यून आहे.

‘सिव्हिलायझेशन ७’ (२०२५). विस्तारसंचातील राज्यकर्त्यांत समावेश.